तिसरी आणि सहावी

तपासणी केंद्रात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठ वळली की परतबघू. हे नाव तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. नळीवरचा नंबर कागदाशी जुळला, झाकण घट्ट बसलं, सगळं झालं, तरी ती म्हणायची, "थांबा, परत बघू." घरातून निघाली की कोपऱ्यापर्यंत जाऊन माघारी यायची, मागच्या दाराचं कुलूप ओढून बघायला. नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता तो मान वर न करता म्हणायचा, "दमलं गं ते कुलूप. बसू दे त्याला जरा."

लग्नाआधी एका दवाखान्यात तपासणीच्या काचा धुण्याच्या कामाला लागलेली ही बाई. धुता धुता काचांवर काय असतं ते बघायची हौस लागली, मग शिकली, परीक्षा दिली आणि गेली चोवीस वर्षं या केंद्रात सूक्ष्मदर्शकावर होती. एरवी पायाला भिंगरी, पण डोळा भिंगाला लावला की तासभर हलायची नाही. तिच्याकडे जास्त करून बायकांचेच नमुने यायचे. अंगावरून पांढरं जाणं, वास येणं, आग होणं. त्यातल्या पुष्कळ जणींचं एकच दुखणं निघायचं. डॉक्टर त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, केंद्रात नुसतं बीव्ही. योनीमार्गात चांगले जंतू असतात, ते राखण करतात. ते कमी झाले की दुसरे माजतात. काचेवर रंग टाकून पाहिलं तर चांगले जंतू लांब जांभळ्या काड्यांसारखे दिसतात. बीव्ही असेल तर काड्या गायब, सगळीकडे बारीक चुरा, आणि पेशी अशा दिसतात जणू कुणी त्या वाळूत घोळून काढल्यात. ती पेशी एकदा पाहिली की विसरत नाही.

दोन वर्षांपूर्वी केंद्रात मोठं यंत्र आलं. साथीच्या दिवसांत सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली, तेव्हाच्या तपासणीच्या जातीचं. ते जंतूंना बघत नाही, त्यांचा डीएनए मोजतं. चांगले किती, वाईट किती, आणि कोण कोणाला वरचढ आहे हे आकड्यात सांगतं. केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी तिला शिकायला पाठवलं आणि ती शिकली. पन्नाशी उलटल्यावर शिकली, याचं घरात नवऱ्याला फार कौतुक. काचा बंद झाल्या. दर बाईच्या दोन स्वॅबच्या काड्या येत, त्यातली यंत्राची ठेवायची आणि दुसरी टाकून द्यायची असं ठरलं.

तिने दुसरी कधी टाकली नाही, तिची काच करून बघायची. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने भिंगाचा स्क्रू असं तिचं चालायचं. नोंदणीच्या खिडकीवर बसणारी मुलगी विचारायची, "ताई, यंत्रावर विश्वास नाही का?"

"आहे की. माझ्यावर नाही."

त्या सोमवारी लॉन्ड्रीत इस्त्री करणारी एक बाई आली. पस्तिशीची असेल. बायकांच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी तिने घडी घालघालून बोटाएवढी केली होती. नमुना घ्यायच्या खोलीत ती खुर्चीवर बसेना. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि झडप उघडी आहे ना हे तिने दोनदा हात लावून पाहिलं. परतबघूच्या लगेच लक्षात आलं. अशा कितीतरी जणी खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या तिने पाहिल्या होत्या.

"कधीपासून होतंय?"

"सात-आठ महिने झाले. तीनदा औषधं घेतली. बरं वाटतं आणि परत तेच." तिने आवाज उतरवला. "वास येतो हो. दिवसभर इस्त्रीच्या वाफेत असते म्हणून निभतं. घरी जाऊबाई म्हणतात, कसला वास, तुझं डोकं फिरलंय. आणि नवरा म्हणतो..." नवऱ्याचं तिने तिथेच सोडलं.

"साबणाने धुता का?"

"चारदा. कधी औषधाच्या पाण्याने."

"ते आधी बंद करा. हा अस्वच्छतेचा आजार नाही. उलट धुऊन धुऊन उरलेसुरले चांगले जंतू पण जातात."

लॉन्ड्रीवाली खिडकीपासून खुर्चीकडे आली. "आतापर्यंत कुणी सांगितलं नाही असं." मग चिठ्ठी उलगडत म्हणाली, "या वेळी यंत्रावरची तपासणी लिहिलीय. ती चुकत नाही म्हणतात."

"सहसा नाही."

"मग झालं. यातही काही निघालं नाही, तर माझंच डोकं फिरलंय. परत कुणाला दाखवायला जाणार नाही मी. गप्प बसेन."

हे वाक्य परतबघूच्या डोक्यात अडकून बसलं. तिने त्या बाईच्या नळीवर तीन नंबर घातला. मंगळवारच्या खेपेला आठ बायकांचे नमुने होते, त्यातली ती तिसरी.

मंगळवारी यंत्र चाललं, संध्याकाळी मॅडमनी सह्या केल्या, रिपोर्ट गेले. बुधवारी यंत्राची सफाई करायला माणूस आला आणि दिवस त्यात गेला. त्यामुळे त्या आठ काचा तिच्या भिंगाखाली आल्या त्या गुरुवारी दुपारी.

पहिली बघितली, दुसरी बघितली. तिसरी लावली आणि घास हातातच राहिला. काड्या औषधालाही नव्हत्या. सगळीकडे चुरा, आणि पेशीवर पेशी वाळूत घोळलेली.

हे असणारच होतं, ती मनाशी म्हणाली. मग सवयीने तिने रिपोर्टांचा गठ्ठा ओढला. तीन नंबर, बीव्ही नाही.

काचेवरचा नंबर पाहिला, परत पाहिला, चष्मा पुसून पाहिला. तीनच होता. मग तिने बाकीच्या सगळ्या एकामागून एक लावल्या. सहा नंबरची काच लख्ख होती, जांभळ्या काड्याच काड्या. आणि सहाचा रिपोर्ट म्हणत होता, बीव्ही आहे. बाकी सहा जणींच्या काचा आणि रिपोर्ट नीट जुळत होते.

तिने कागदावर एक ते आठ आकडे मांडले. खाली उलटे, आठ ते एक. तीनच्या खाली सहा आला. एक आणि आठ दोघींना काही नव्हतं, चार आणि पाचचंही तसंच. दोन आणि सात दोघींना होतं. जोड्या अशा जमल्या होत्या, की सगळी पट्टी उलटी झाली तरी फरक फक्त तिसरी-सहावीत पडला असता.

पट्टी. आठ छोट्या नळ्यांची एक अखंड पट्टी असते, प्रत्येक नळीत एकेका बाईचा नमुना, आणि ती उचलून यंत्रात बसवायची. जुन्या पट्ट्यांचा एक कोपरा कापलेला असायचा. तो डाव्या अंगठ्याखाली धरायचा, म्हणजे पहिली नळी डावीकडे, ही तिची पद्धत. मंगळवारी नवं खोकं उघडलं, त्यातल्या पट्ट्या दोन्ही टोकांना सारख्या. म्हणून तिने पहिल्या नळीच्या बाजूला पेनाने ठिपका दिला होता. ठिपका दिला हे पक्कं आठवत होतं.

मग पुढचंही आठवलं. यंत्र झाकणांतून उजेड सोडून बघतं. बोटांचे डाग राहिले तर गडबड नको म्हणून, सगळं झाल्यावर, पट्टी बसवायच्या अगदी आधी, तिने ती स्पिरिटने पुसली होती. वरून पुसली, बाजूनेही पुसली. दोनदा. ठिपका तिनेच पुसून टाकला होता.

नोंदणीवाली चहाचा कप घेऊन आली. "ताई, काय झालं? चेहरा बघा तुमचा."

"मॅडम कधी येतायत?"

"तीनला. मीटिंगला गेल्यात."

सव्वा वाजला होता. ती उठली, यंत्राच्या खोलीपर्यंत गेली, परत आली. फ्रिज उघडून आठ नळ्या आहेत याची खात्री केली, बंद केला, उघडला. नमुने सात दिवस ठेवायचे असतात, सगळे जागच्या जागी होते. कुणाला न सांगता पट्टी आत्ताच लावली असती तर मॅडम येईपर्यंत निम्मं काम झालं असतं. नवे रिपोर्ट काढायचे, कारण विचारलं तर खात्रीसाठी परत चालवलं म्हणायचं. तिच्याबाबतीत हे कुणालाही खरं वाटलं असतं. परतबघूने परत बघितलं, त्यात नवल काय? हा विचार तिच्या डोक्यात पुरता येऊन गेला. हात फ्रिजच्या दांड्यावरच होता.

मग तिने नवऱ्याला फोन लावला.

"गॅस बंद आहे," तो म्हणाला. "कुलूपही आहे."

"ते नाही. माझ्या हातून चूक झाली. मोठी." तिने दोन वाक्यांत सांगितलं.

पलीकडे घासकागदाचा आवाज थांबला. "तीन तारांच्या मोटारीत दोन तारा उलटसुलट लागल्या की काय होतं, माहितेय? जळत नाही. मस्त फिरते, आवाजसुद्धा नाही. फक्त उलटी फिरते. म्हणून लगेच कळत नाही."

"मग तू काय करतोस?"

"काय करणार? पंप पाणी का चढवत नाही म्हणून गिऱ्हाईक डोकं आपटत असतं. त्याच्या घरी जातो, माझ्याकडून तारा उलट्या लागल्या म्हणतो, बदलून देतो."

"चार शिव्या घालतात."

"घालतात की. पण माझं ऐक, न सांगता बदललीस तर रात्री मला झोपू देणार नाहीस तू. माझाही विचार कर."

ती हसली नाही, पण फ्रिजपासून लांब झाली.

मॅडम तीनला आल्या. वयाने तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला तुटक. तिने दारातच गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली, उभ्या उभ्या यंत्राचे आलेख पाहिले, उत्तर आधीच ठाऊक असलेले कंट्रोलचे नमुनेही पाहिले.

"कंट्रोल पास झालेत. यंत्राने खेप बरोबर दाखवलीय."

"कंट्रोलची पट्टी वेगळी असते ना मॅडम. ती बरोबर बसली होती. ही उलटी."

"आणि हे तुम्हाला कळलं कसं?"

"काचेवर."

"काचा तर आपण बंद केल्यात. तुम्ही कधीपासून बघताय?"

"बंद झाल्यापासून."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. भिंगावर वाकल्या. तिसरी काच पाहिली, सहावी पाहिली. डोकं वर करून म्हणाल्या, "लावा परत. मी समोर उभी राहते. नंबर मोठ्याने म्हणा."

तिने आठही नमुने परत घेतले. एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. ठिपक्याऐवजी या वेळी पट्टीच्या टोकाला कात्रीने खाच पाडली आणि मॅडमनी ती खाच बोटाने चाचपली. पट्टी यंत्रात बसली, झाकण मिटलं. पावणेचार.

यंत्राला अडीच तास लागतात. ते अडीच तास तिने कसे काढले ते नोंदणीवालीने पाहिलं. ती पडद्यासमोर बसायची, उठायची, पाणी प्यायची, परत बसायची. पडद्यावरच्या रेषा पहिल्या तासात सरळच असतात, जमिनीला चिकटलेल्या.

"ताई, तुम्ही बघत बसलात म्हणून ते लवकर शिजणारे का?"

"न बघितल्यानेही शिजणार नाही ना?"

"मग निदान बसून बघा. तुमच्यामुळे मला चक्कर यायला लागली."

मधल्या वेळात मॅडमनी बायकांच्या डॉक्टरांना फोन लावला. तो तिला अर्धाच ऐकू आला, पण तेवढा पुरला. लॉन्ड्रीवाली काल रिपोर्ट घेऊन तिकडे जाऊन आली होती. तपासणीत काही नाही, मनावर घेऊ नका, आता औषध नको, असं सांगून तिला परत पाठवलं होतं. सहावीला गोळ्या लिहून दिल्या होत्या.

"काही बोलली का ती?" तिने विचारलं.

"कोण?"

"तिसरी. निघताना."

"'बरं' म्हणाली म्हणे. नुसतं बरं."

ती परत पडद्यासमोर जाऊन बसली.

पाचच्या सुमाराला पहिली रेष जमिनीवरून उठली. दुसऱ्या नंबरची. मग सातवी. आणि त्यांच्या पाठोपाठ, उभ्या चढाची, तिसरी. सहावीच्या वाईट जंतूंची रेष शेवटपर्यंत जमिनीलाच चिकटून राहिली. मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. सव्वासहाला आकडे आले. काचेवर जे होतं तेच.

"दुरुस्त रिपोर्ट काढा," मॅडम म्हणाल्या. "चूक कशी झाली ते माझ्या नोंदवहीत तुमच्या हाताने लिहा. नव्या पट्ट्या खाच पाडल्याशिवाय कुणी वापरायच्या नाहीत." मग जरा थांबून, "वरिष्ठांना कळवावं लागेल मला. काय म्हणतील ते म्हणतील."

"हो."

"आणि ती दुसरी काडी टाकू नका यापुढे."

लॉन्ड्रीवालीचा फोन जाऊबाईंनी उचलला. ती कामावर आहे, काय काम आहे, कुठून बोलता, अशी सरबत्ती. मॅडमनी नंतर करते म्हणून ठेवला. हे घरच्या कुणाकडे बोलायचं नव्हतं. सहावीचा फोन बंदच लागत होता.

"नोंदीत लॉन्ड्रीचा पत्ता आहे," परतबघू म्हणाली. "आठला बंद होते. मी जाऊ का?"

मॅडमनी पाकीट बंद केलं आणि वर सही केली. "फक्त तिच्याच हातात. आणि डॉक्टरांनी उद्या सकाळी नऊला बोलावलंय तिला, पुढच्या औषधाचं त्या ठरवतील. तुम्ही औषध सांगू नका. सहावीचा फोन मी लावत राहते. नाहीच लागला तर तिच्याकडेही जावं लागेल, तिचं पाकीट आणि पत्ता बरोबर ठेवा."

लॉन्ड्री बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. दोन टेबलं, वर लोंबणाऱ्या तारांवर नंबर टाचलेले कपडे आणि सगळीकडे वाफ. ती सर्वांत आतल्या टेबलावर होती, भिंतीकडे, दुसऱ्या बाईपासून जितकं लांब राहता येईल तितकं. परतबघूला पाहून तिने इस्त्री उभी केली. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"जरा बाहेर येता?"

"इथेच बोला की. रिपोर्ट मिळाला मला."

"बाहेर या."

गल्लीत दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वाटेत जुळवून ठेवलेली वाक्यं परतबघूला एकही आठवेना.

"तुमचा रिपोर्ट चुकला. आमच्याकडून. म्हणजे माझ्याकडून. नळ्यांची पट्टी मी यंत्रात उलटी बसवली. तुमचं दुसऱ्या बाईला गेलं, तिचं तुम्हाला आलं."

लॉन्ड्रीवाली भिंतीपासून सरळ झाली.

"तुम्हाला आहे ते. बीव्ही. स्पष्ट आहे. आज परत तपासलं, भिंगाखालीही पाहिलं. हा खरा रिपोर्ट."

तिने पाकीट घेतलं, फोडलं नाही. "म्हणजे वास येतो तो खरा?"

"खरा."

"माझं डोकं फिरलेलं नाही."

"नाही."

"कालपासून," लॉन्ड्रीवाली म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला, "कालपासून मी काय काय ऐकलंय, ठाऊक आहे तुम्हाला? जाऊबाईंनी रिपोर्ट वाचून दाखवला सगळ्यांना. मोठ्याने! बघा, मशीनसुद्धा सांगतंय, हिला काही झालेलं नाही म्हणून. नवरा हसला. हसला हो! आणि तुम्ही आता येता आणि म्हणता पट्टी उलटी?"

"हो."

"नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू? चूक माझी आहे. तुम्ही काय बोलाल ते बरोबर आहे."

आतून दुसरी बाई डोकावली. "काय गं, काय झालं?"

"काही नाही!" लॉन्ड्रीवाली ओरडली. "साडीवरच्या डागाचं!" बाई आत गेली. तिने डोळे पदराने खसाखसा पुसले आणि पाकीट फोडलं. गल्लीतल्या दिव्याखाली धरून दोन वेळा वाचलं. आकडे तिला कळले नसतील, पण शेवटची ओळ कळत होती. त्या ओळीवर तिने अंगठा ठेवला.

"उद्या नऊला डॉक्टरांकडे जा. औषध त्या देतील. आणि साबण..."

"बंद केलाय सोमवारपासून." मग तिने मान वर केली. "माझा रिपोर्ट जिला गेला, तिला काही नाही?"

"काही नाही."

"आणि ती गोळ्या घेतेय?"

"बहुतेक. कालपासून."

"मी घेतल्यात त्या. तोंडाला गंजलेल्या लोखंडाची चव येते, अन्न जात नाही. तिला सांगितलं?"

"फोन बंद आहे तिचा. मॅडम लावतायत."

"तिच्या घरात पण असेल कुणीतरी वाचून दाखवणारं." लॉन्ड्रीवालीने रिपोर्टची घडी घातली, एकदाच, नीट कडेला कड लावून, इस्त्रीवाल्या हाताने. "कोण आहे ती? जवळ राहते का?"

"ते नाही सांगता येत."

"बरोबर आहे. माझंही तिला सांगू नका." ती लॉन्ड्रीच्या पायरीपर्यंत गेली आणि वळली. परतबघू अजून भिंतीपाशीच उभी होती, बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून.

"अहो, मग माझ्यापाशी काय उभ्या राहिलात? रात्रीची गोळी घ्यायच्या आत गाठा तिला. पुढच्या चौकातून सगळीकडच्या बस मिळतात. पळा!"

ती निघाली. चौकापर्यंत चालली, मग खरंच पळायला लागली.